आत्तींची पारूबाई

१२ एप्रिल १९७८

आमच्या नाटकमंडळीच्या नानांनी आज बाँब टाकला. नव्या नाटकात मला पारूबाई. वय साठ, विधवा, दोन मुलगे, घराच्या वाटण्या. मी एकतीस वर्षांची, तिसरी 'ब'ची बाई! म्हटलं, "नाना, मी सून करते की." तर म्हणाले, "सून कुणीबी करंल. पंधरा दिवस देतो. जमलं न्हाय तर सांगलीची बाई आणतो." सांगलीच्या बाईचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

हे नेहमीप्रमाणे लाईटच्या पेटीत डोकं घालून बसलेले. घरी येताना सायकल हातात धरून एवढंच म्हणाले, "करशील." यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच झाला.

१६ एप्रिल

सकाळची शाळा. दुपारी पाठांतर, सासूबाईंच्या समोर बसून, मोठ्यानं. आत्तींना अक्षर ओळखता येत नाही, पण कान काय कान आहेत! दोनदा ऐकलं की झालं. तांदूळ निवडत बसतात, मी अडले की सुपातनं मान वर न करता पुढचं वाक्य टाकतात. आज मी एक ओळ गाळली. "ए बाई, मधलं कुठं गेलं? परवा भाकरीचं काय तरी हुतं की." वही उघडून बघितली. होतं! आमच्या प्रॉम्प्टरला रजा द्यावी.

२० एप्रिल

दुसऱ्या अंकातलं भाषण काही केल्या बसेना. सव्वा पान आहे. मुलगे भांडीकुंडी वाटून घ्यायला बसलेत, आणि पारूबाई मधोमध उभी राहून जन्माची कहाणी सांगते. मी अगदी गळा काढून म्हटलं. आत्तींनी सूप खाली ठेवलं.

"एवढं कोण बोलतंय गं? आणि पोरं ऐकून घेत्यात व्हय?"

"मग काय करते आई?"

"काय करती! चुलीकडं जाती. म्हणती, आदी जेवा, मग वाटण्या करा."

मी वही मिटली. आत्तींना दिरानं वेगळं काढलं तेव्हा हे सहा वर्षांचे, माझी नणंद शांताक्का दहाची. त्या दिवशी काय झालं ते आत्तींनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आजही नाही सांगितलं. पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. काय बाई आहे!

२१ एप्रिल

भीत भीत नानांना सांगितलं. नाटक त्यांनीच लिहिलेलं, त्या सव्वा पानावर त्यांचा भारी जीव. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मनात वाचलं. मग पेन्सिलीनं आख्ख्या पानावर फुली. "म्हातारीला माझा नमस्कार सांग." आणि चहा मागवला. असा लेखक दुसरा दाखवावा कुणी.

२७ एप्रिल

वाक्य आलं, अंग येईना. नाना ओरडले, "तोंड पारूबाईचं, पाय मास्तरणीचं! तपासणीला निघाल्यागत चालतीस!"

म्हणून आठवडाभर चोरी चालू आहे. आत्तींकडे बघते आणि उचलते. उठताना तळहात जमिनीला, "चल बाई" असं स्वतःलाच म्हणायचं, मग उभं राहायचं. चालताना उजवा खांदा जरा खाली, जन्मभर पाण्याची घागर त्याच बाजूला. बसायच्या आधी पदरानं जागा पुसायची, स्वच्छ असली तरी. सगळं घेतलं. आज तालमीत नाना काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं.

आत्तींना सांगितलं नाही. उगाच लाजतील, आणि मग नीट चालायला लागतील! एखादं जुनं लुगडं तेवढं मागितलं. ट्रंकेतलं सगळ्यात मऊ काढून दिलं. "हे ने. अंगाला टोचायचं न्हाय."

४ मे

काल पहिला प्रयोग. आत्ती आल्या! आयुष्यातलं पहिलं नाटक. रसूलचाचांनी रंगवायला तास घेतला. चेहरा पाच मिनिटांत, बाकी वेळ हातांवर. "बेटी, म्हातारपण हातावर दिसतंय. तोंड काय, कुणीबी रंगवतंय." पन्नास वर्षं ब्रश धरलेल्या माणसाचं बोलणं, गप्प ऐकून घेतलं.

"आदी जेवा, मग वाटण्या करा" म्हटलं आणि चुलीकडे वळले. थेटर चिडीचूप. इतका वेळ, की वाटलं घसरलं सगळं. आणि मग टाळ्या. हे माझ्यावर लाईटचा स्पॉट धरून होते, तो हलला नाही.

आज सकाळी भाकरी थापताना विचारलं, "कसं वाटलं?"

"ती म्हातारी लई ग्वाड हुती गं. खरं कंबर दुखती वाटतं बिचारीची. वाकडी चालती."

मी तोंडाकडे बघतच राहिले. स्वतःला ओळखलं नाही? का ओळखून मला सोडलं? आत्ती काही भोळ्या नव्हेत. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि राहिलं.

११ मे, निपाणी

दौरा सुरू. बसच्या टपावर सेट, आत आम्ही, मधे पेट्या. उकाड्यानं जीव नकोसा. पण प्र. असा रंगला! संपल्यावर एक आजीबाई आत आल्या, माझ्या रंगवलेल्या गालावरनं हात फिरवला, "आमच्या आत्ती अश्शाच हुत्या." रडल्या. मीपण. सगळं श्रेय घरी तांदूळ निवडतंय, हे त्यांना कसं सांगणार?

शांताक्का हुपरीहून येऊन आत्तींजवळ राहिल्यात. पैंजणाचं काम सोबत आणलंय, तिथंच बसून कड्या जोडतात. त्यांच्यामुळेच आम्ही दोघं बाहेर पडू शकलो. तीन मुलांचा संसार टाकून आल्या, एक शब्द न बोलता.

१८ मे, सोलापूर

दु. १ ला तार. 'आई सिरियस. ताबडतोब या.' अशा तारेचा अर्थ कुणाला कळत नाही?

हे वायरी जोडत होते. तार वाचली, खिशात ठेवली, आणि हातातली वायर जोडून पुरी केली. मग उठले.

रात्रीच्या प्रयोगाची तिकिटं सगळी गेलेली. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघतीस काय? निघा. नाटक थांबतंय, काय बिघडत न्हाय त्याचं. लोकांना मी तोंड देतो." रसूलचाचांनी टोपी काढली आणि स्टँडपर्यंत आमची बॅग घेऊन आले. सत्तरीचा माणूस, ऐकेचना.

२० मे

आत्ती गेल्या. आम्ही पोचायच्या आधीच. दोन दिवस ताप होता, "पोरांस्नी कळवू नको, त्यांचा खेळ मोडंल" म्हणून अक्कांना अडवून धरलं. काल सकाळी पंचगंगेवर नेलं. यांनी डोकं केलं, मिशी काढली. मिशीशिवाय हे थेट आत्तींसारखे दिसतात. बघवत नाही.

२१ मे

रक्षाविसर्जन झालं. घरी आल्यावर अक्का स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मऊ लुगडं मागत हुती. 'माझं मऊ लुगडं दे, हे टोचतंय.' मी सगळी ट्रंक उलटी केली. कुठं हुतं?"

सोलापुरात. कपड्यांच्या पेटीत. माझ्या घामानं भिजलेलं.

सांगितलं. अक्का चुलीकडे वळल्या. बोलायला हवं होतं त्यांनी. दोन मारल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या.

३० मे

तेरावं. पाहुणे गेल्यावर अक्कांनी तोंड उघडलं. हुपरीच्या कुणी तरी नाटक बघितलंय. "'हुबेहूब तुझी आई,' मला म्हणाली ती. व्हय? तिच्यागत चालतीस? तिला इचारलंस?"

"नाही."

"मेल्या माणसाची नक्कल करून टाळ्या घेणार?"

"ती नक्कल नव्हे, अक्का." एवढंच सुचलं. काय आहे मग? मला वाटतं मी जन्मात एवढ्या प्रेमानं कुणाकडे बघितलं नसेल, जेवढं त्या आठवड्यात आत्तींकडे बघितलं. पण हे वाक्य त्या वेळी आलं नाही. आत्ता, वहीत येतंय.

हे ओसरीवर होते. ऐकलं असणार. थोड्या वेळानं सायकल काढल्याचा आवाज आला.

३ जून

नाना आले. लुगडं धुऊन, घडी करून, स्वतः घेऊन. १० तारखेला कोल्हापुरात प्र. ठरतोय. "तू न्हाय म्हणालीस तर नाटक बंद. सांगलीची बाई मी आणणार न्हाय." मी म्हटलं, सांगते. आत्तींना विचारलं नाही, अक्कांना तरी विचारणार. हुपरीला पत्र टाकलं. 'तुम्ही नको म्हणालात तर मी पुन्हा उभी राहणार नाही.' मनापासून लिहिलं. पारूबाई गेली तर माझ्याकडे आत्तींचं काय राहतं?

९ जून

पत्राचं उत्तर आलं नाही, अक्काच आल्या. दुपारच्या गाडीनं. पाणी पण घेतलं नाही.

"चाल बघू. कशी चालतीस ती दाव."

स्वयंपाकघरात चालले. बसले, पदरानं जागा पुसली, तळहात टेकला, "चल बाई" म्हटलं, उठले. शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढे एवढी घाबरले नव्हते.

अक्का माझ्या मानेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चुकतंय." स्वतः उठल्या. पदर खोचला. "खांदा खाली, बरोबर. खरं मान बघ. मान ताठ हुती तिची. काकानं भाईर काढलं तवाबी खाली घातली न्हाय तिनं." आणि चालून दाखवलं. दारापासून चुलीपर्यंत. देवा! मी तर काहीच चोरलं नव्हतं. मी त्यांच्यामागून चालले. दोघी येरझाऱ्या घालत होतो, एकीकडे रडत, एकीकडे "न्हाय, अशी", "अशी?", "हां, अशी".

वळले तर हे दारात. कधीपासून उभे, कोण जाणे. तसेच मागं फिरले आणि बाहेर गेले.

तासाभरानं आले. अक्का मागं भांडी घासत होत्या.

"दुसऱ्या अंकात स्पॉट मारत न्हाय मी. अंधार ठेवतो. तुझा आवाज तेवढा यील. चालंल?"

बारा वर्षांत लाईटचं यांनी मला पहिल्यांदा विचारलं. म्हटलं, "अहो, पारूबाई दिसलीच नाही तर लोक काय बघणार?"

"लोकांस्नी पारूबाई दिसती. स्पॉट मी धरतो. मला काय दिसतंय, हे कधी इचारलंस?"

नाही विचारलं. नानांना सांगितलं, अक्कांना पत्र लिहून विचारलं. यांना एकदाही नाही, आणि आई तर यांचीच.

उद्या साडेनऊला प्रयोग. माझ्या उत्तरासाठी हे थांबले नाहीत. पेटी सायकलला बांधली आणि थेटरात वायरी जोडायला गेले.