भालेरावांचे चार हजार शेअर

सोमवार, २ जून २००८
भालेरावांनी राजीनामा दिला. सकाळी हाटकेशला कंपनीच्या बसमध्ये चढले तेव्हा काही बोलले नाहीत. ऑफिसात आल्यावर पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. परभणीला वडिलांना अर्धांगवायू झालाय. आई थकलेली, भाऊ नाही. "जावंच लागेल, मॅडम. तिथं एका कॉलेजात कंप्युटर लॅबचं काम मिळतंय."
नऊ वर्षं कंपनीत. टेस्टिंगमध्ये इतका शांत माणूस दुसरा नाही. एच.आर.ला बसून किती राजीनामे घेतले मी. हा जड गेला.
दारातून वळले. "आणि माझे ते ऑप्शन?"
पत्र काढून बघते म्हटलं. बघायची गरज नव्हती. अटी पाठ आहेत.

बुध. ४ जून
दोन वर्षांपूर्वीचं लिहून ठेवते, कारण सारखं तेच डोक्यात येतंय. पगारवाढीची वेळ होती. भा.ना महिना चार हजारांची वाढ द्यायची ठरलेली. वरून निरोप आला, वाढीऐवजी ऑप्शन घ्यायला लावा. समजवायचं काम माझं. त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर?"
मी म्हटलं, "पगार खर्च होतो. शेअर राहतो. मी शेअरच घेतले असते."
मला तेव्हा एकही ऑप्शन मिळाला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

रवि. २२ जून
हाटकेशला त्यांच्या घरी गेले. सामान बांधायला काढलेलं. वैशालीने, त्यांच्या बायकोने, खोक्यावरच पोहे ठेवले. ती सरळ विचारते. "ताई, हे शेअर आमचेच ना? मग परत पैसे कशाचे भरायचे?"
समजावलं. ऑप्शन म्हणजे शेअर नाही, ठरलेल्या भावाने शेअर विकत घ्यायचा हक्क. चार वर्षांत आठ हजार मिळायचे होते. दोनच वर्षं झाली म्हणून चार हजार हातात आले, बाकीचे राजीनाम्याबरोबर गेले. एकाला चाळीस रुपये. वरचा करही कंपनी आपल्याकडूनच घेणार. सगळे मिळून दोन लाखांच्या आसपास. आणि कंपनी बाजारात नाही, म्हणजे आज घेतले तर उद्या विकता येणार नाहीत.
"आणि नाही घेतले तर?"
"नोकरी सुटल्यापासून, म्हणजे तीस जूनपासून, नव्वद दिवस. मग हक्क संपला."
ती भा.कडे बघत राहिली. ते पेपरच्या रद्दीला सुतळी बांधत होते. म्हणाले, "दोन वर्षांची पगारवाढ आहे ती, वैशाली. सोडून कशी देऊ?"

मंगळ. १२ ऑगस्ट
कंपनीच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. अमेरिकेतली एक कंपनी आपली कंपनी विकत घेणार. डिसेंबरपर्यंत सगळं पुरं. ज्यांच्याकडे शेअर किंवा ऑप्शन आहेत त्यांची यादी हवी. भाव एकशे साठच्या आसपास ठरतोय. "वृंदा, ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी." कागदावर सही घेतली.
यादी तिथेच बसून केली. भालेरावांच्या नावाशी आल्यावर साहेब म्हणाले, "ये तो गया ना? लॅप्स हो जाएगा. अच्छा है, पूल में वापस आएगा." मग पेन घेऊन, त्या परत येणाऱ्या ऑप्शनमधून, खाली माझं नाव लिहिलं. पुढे १५००.
थँक यू सर म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बुध. १३ ऑगस्ट
प्रकाशला सांगितलं नाही. बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा काहीतरी लपवतेय. जेवताना त्याने विचारलं, "बरं नाही का?" ॲसिडिटी म्हटलं.
१५०० गुणिले... नको.

बुध. १० सप्टेंबर
जेवणाच्या सुट्टीत भा.चा परभणीहून फोन. जिन्यात जाऊन बोलले. वडील अंथरुणावरच. घर माडीवर, संडास खाली अंगणापलीकडे. रोज दोन वेळा उचलून न्यावं लागतं. खाली एक खोली आणि संडास बांधायला पैसे बाजूला ठेवलेत, तेवढेच आहेत. "शेअर घ्यावे की खोली बांधावी, कळंना. मुदत तर संपत आली. तुम्ही सांगाल तसं."
  खालून कुणीतरी जिना चढत येत होतं.
"घ्या," म्हटलं.
"घेऊ?"
"घ्या. खोली दिवाळीनंतर बांधा."
का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, माहीत नाही.
उरलेला दिवस हलकं वाटत होतं. माझे दीड हजार बहुतेक गेले यामुळे. त्याचंही बरंच वाटलं. हेही लिहून ठेवते.

सोम. २२ सप्टेंबर
भा.चा डिमांड ड्राफ्ट आला, रजिस्टर्ड पोस्टाने. सोबत वैशालीच्या अक्षरात अर्ज भरलेला. एकही खाडाखोड नाही.
आठवडाभर अमेरिकेच्याच बातम्या. मोठमोठ्या बँका बसताहेत. साहेब सकाळपासून फोनवर. यादीचं विचारलं तर नुसता हात हलवला, नंतर.
ड्राफ्ट ड्रॉवरमध्ये ठेवला.

बुध. २४ सप्टें.
ड्राफ्ट अजून ड्रॉवरमध्ये. शुक्रवारी मुदतीतला शेवटचा कामाचा दिवस. फोन करून थांबा म्हणू का? पण सौदा मोडलाय असं कुणी म्हणालेलं नाही. आणि थांबा म्हटलं आणि सौदा झाला तर? दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला.
चार वाजता अकाउंट्सला दिला. पोच घेतली.

मंगळ. १४ ऑक्टोबर
सौदा मोडला. साहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरलेला, त्यांच्यावर राग धरता येईना. "कंपनी तो चल रही है, वृंदा. दो-तीन साल में फिर कोई आएगा." मग म्हणाले, "भालेराव ने एक्सरसाइज़ किया? शेयर ले लिए? अभी? क्यों?"
"पता नहीं, सर."

गुरु. १६ ऑक्टो.
प्रकाशला सगळं सांगितलं. रविवारसारखा निवांत बसून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "त्या माणसाला खरं सांगितलंस?"
नाही.
"मग मला सांगून काय उपयोग?"

गुरु. ११ डिसेंबर
भालेरावांचे वडील गेले. बसमध्ये कळलं, टेस्टिंगच्या मुलांना फोन आला होता. मला केला नाही. मुद्दाम नसेल. मी संध्याकाळी केला. आवाज नेहमीसारखाच. "सुटले, मॅडम. शेवटी शेवटी उचलताना फार रडायचे. लाज वाटायची त्यांना." मग, "शेअर सर्टिफिकेट मिळालं बरं का. वैशालीनं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय."
खोलीचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

रवि. १८ जानेवारी २००९
दोघं आले होते. वैशालीचा भाऊ भाईंदर पश्चिमेला राहतो, त्याच्याकडे मुक्काम. रिक्षा करून आमच्याकडे इंद्रलोकला आले. जय भीम म्हणत भा. आत आले. खूप वाळलेत. परभणीची चिक्की आणली होती.
चहा झाल्यावर प्रकाश पिशवी घेऊन खाली गेला. मुद्दामच गेला. मग सांगितलं. यादी, केबिन, भाव, सही. डिसेंबरात पैसे येणार याची खात्री होती म्हणून मी घ्या म्हणाले. ड्राफ्ट दोन दिवस ड्रॉवरमध्ये होता तेही. पहिल्या वेळी मला स्वतःला एकही ऑप्शन नव्हता, तेही. मधे थांबले असते तर पुन्हा सांगणं झालं नसतं.
भा. कपातला गाळ बघत होते. "म्हणजे तुम्ही आमच्यासाठी नोकरी धोक्यात घातली," म्हणाले. हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांना त्यातही माझं भलंच दिसलं.
वैशाली मात्र म्हणाली, "ताई, आम्हाला वाटलं होतं तुम्ही अंदाजानं सांगितलं. अंदाज कुणाचाही चुकतो. पण तुम्हाला माहीत होतं. मग ते दोन दिवस तुम्हाला एक फोन करता आला असता."
"हो," म्हटलं.
"आमचे सासरे तीन महिने अंगणात..." भा.नी तिच्या हातावर हात ठेवला.
जाताना नीट निरोप घेतला. चपला घालताना तिने माझ्या मुलीला जवळ घेतलं. तरी पूर्वीसारखं नव्हतं.

सोम. १९ जाने.
कामावर गेले. बस हाटकेशला थांबते तेव्हा हल्ली मी फोनमध्ये बघते.

गुरु. ५ मार्च
साहेबांनी नवं पत्र काढायला सांगितलं. सोडून गेलेल्यांकडचे शेअर कंपनी परत विकत घेणार, एकाला बारा रुपये. मुदत ३१ मार्च. ज्याला द्यायचे त्याने द्यावेत, सक्ती नाही. मसुदा मी केला. सहा पत्रं, त्यातलं एक परभणीला.

गुरु. १२ मार्च
वैशालीचा फोन. जानेवारीनंतर पहिलाच, तोही तिचा. "ताई, कंपनीचं पत्र आलंय. हे तुम्हाला विचारतील, द्यायचे का ठेवायचे. तुम्ही काही सांगू नका. हो पण नका म्हणू, नाही पण नका म्हणू."
"बरं."
"राग नाही ओ. पण या वेळी त्यांचं त्यांना ठरवू द्या. नाहीतर जन्मभर तुमचंच नाव निघत राहील घरात. ते मला नको."
शब्द दिला.
आज दुपारी पुण्याहून दोन माणसं साहेबांना भेटायला आली होती. दोन तास दार बंद. कशासाठी ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना त्यांच्यातल्या एकाने मला हसून विचारलं, तुमच्याकडे एकूण माणसं किती?

शनि. १४ मार्च
भा.चे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. मग मेसेज. मॅडम, वेळ असेल तेव्हा बोलू. घाई नाही.
पुण्याचे लोक सोमवारी परत येतायत. साहेबांनी मीटिंगला, ऑगस्टसारखीच, शेअर असणाऱ्यांची यादी मागितलीय.