अव्वाच्या गुडघ्यांची पुडी

अव्वा, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि या महिन्यात तो नव्यानं चढलाय. माझेही गुडघे गेले. शाळेत वर्षानुवर्षं फळ्यापाशी उभं राहून असेल, नाहीतर आईकडून लेकीला येतात तसे तुझ्याकडूनच आले असतील. जिना उतरताना डावा गुडघा असा काही कळ मारतो की कठडा धरून थांबावं लागतं. म्हणून उमरग्यात एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पाय वाकवून पाहिला, एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "झीज आहे. झीज भरून काढणारं औषध अजून कुणाकडं नाही. कुणी आहे म्हणालं तर तिथून उठून यायचं. दुखणं कमी करणारी औषधं आहेत, पण ती सगळी सारखी नाहीत."

मग एकेक करून समजावलं. गुडघा कातडीच्या जवळ, म्हणून आधी मलम. ते लावल्यानं पोटाला फारसा त्रास नाही. दुखणं खुब्याचं असेल तर मलम तिथवर पोचतच नाही. तापाची साधी गोळी गरीब वाटते, पण या दुखण्यावर तिचा गुण थोडाच. सुजेवरच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात, मात्र त्याच पोटात जखमा करतात, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला बाधतात. तेव्हा कमीत कमी घ्यायच्या, थोडे दिवस, पोट सांभाळणाऱ्या गोळीसोबत. सांध्यात सुई दिली की काही आठवडे बरं जातं, पण ती सारखी नको. आणि मांडीला बळ येईल असा व्यायाम, रोज. मी मान हलवत होते आणि आतून पेटत होते. कारण यातलं बरंचसं तुलाही सांगितलं होतं, याच गावातल्या डॉक्टरांनी, माझ्यासमोर. त्यांनी दिलेलं मलम तू घरी आल्याबरोबर खिडकीत ठेवलंस. "चोळत बसायला मला येळ कुठला? बाजारात बायका हात पुढं करून बसत्यात."

ते खरंच होतं. आसपासच्या गावांचे बाजार तू करायचीस. पोत्यावर मांडी घालून दिवसभर बसायचीस, बायकांचा पंजा दाबून मऊ करत एकेक बांगडी चढवायचीस, आणि उठायची वेळ आली की शेजारचा भाजीवाला तुला दोन्ही काखेत धरून उभी करायचा. बाजाराच्या टोकाला तो माणूस बसायचा, गुडघेदुखी मुळापासून बंद करतो म्हणत पुड्या विकणारा. "नुसता पाला हाय, आक्का, यात इंग्रजी काय न्हाय," म्हणाला आणि तू विश्वास ठेवलास. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तू स्वयंपाकघरात उकिडवी बसून भाकरी थापत होतीस. मी बघतच राहिले. तू हसून म्हणालीस, "लई हलकं वाटतंय गं. दुसऱ्याचे पाय लावल्यावानी." तुझा चेहरा गोल झाला, गाल वर आले, तर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अव्वाची तब्येत सुधारली. दंडावर नुसतं बोट लागलं तरी काळंनिळं व्हायचं. मी म्हणायची, अव्वा, ही पुडी बंद कर. तू म्हणायचीस, केली. खोटं बोलायचीस, आणि वर माझ्याकडं सरळ बघून बोलायचीस.

पोटात जळतं हे सांगितलं नाहीस. शौचाला डांबरासारखं काळं होतं हेही नाही. परातीपाशी कोसळलीस तेव्हा जीप करून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वाकून विचारलं, "आजी, दुखण्यावर काही घेत होता का?" ओठ पांढरेफटक पडलेले, तरी तू म्हणालीस, "न्हाय ओ. मी काय बी घेत न्हाय." पुड्या मी काढून दिल्या, तुझ्या कमरेच्या चंचीतून. डॉक्टर म्हणाले, यात बहुतेक स्टेरॉइड आणि वेदनेची गोळी एकत्र कुटलीय, चेहरा सुजला तो त्यानंच. पोटातल्या जखमेतून रक्त वाहतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. मरताना कुणाला वाचवलंस अव्वा? मला, की त्या माणसाला? वर्षं गेली, या प्रश्नानं अजून माझे दात आवळतात.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून निघाले ती थेट त्या पुडीवाल्याच्या दुकानात. आता पक्कं दुकान आहे, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो. कुणाची मुलगी ते सांगितल्यावर तो उठूनच उभा राहिला. "बांगडीवाल्या अव्वांच्या? या, या! आमचं जुनं गिऱ्हाईक. आमच्या पुडीवर शेवटपर्यंत चालत्या होत्या, वडील सगळ्यांना सांगायचे." असं म्हणून त्यानं, जणू माहेरची ओटी भरावी तशी, एक पुडी माझ्या हातावर ठेवली. मी ती त्याच्या अंगावर फेकली. काय काय बोलले ते आठवत नाही. रस्त्यावरची माणसं थांबली एवढं कळलं. बाकड्यावर एक म्हातारी होती, खुब्यावर हात दाबून बसलेली. ती म्हणाली, "बाई, तुमी वरडा. पर मला हितली पुडी घेटल्यावरच मोरीपतोर जाता येतंय. न्हाईतर सून उचलून नेती. मंग म्या काय करू?"

मी तिच्या शेजारी बसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, पुडी एकदम सोडू नका, डॉक्टरांना दाखवून सोडा, हेही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, "व्हय, व्हय" म्हणाली, माझ्या हातावर थोपटलं, आणि पुडी घेऊन पदराच्या गाठीला बांधून भिंतीच्या आधारानं निघून गेली. अगदी तुझ्यासारखी. मला तिच्या मागं धावून ती गाठ ओरबाडून काढावीशी वाटली. धाराशिवला औषध खात्याच्या कार्यालयात जाऊन त्या दुकानाविरुद्ध तक्रार दिली आहे. साहेब म्हणाले, बघू. मीही पुन्हा जाऊन बघणार आहे, ते बघेपर्यंत.

मलम लावतेय. रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करते, धरते, खाली घेते. थोडा फरक आहे, लई नाही. आजही जिन्यावर थांबावं लागलं.

हे पाठवायला तुझा पत्ता नाही म्हणून बरं, नाहीतर पुढचं लिहिलंच नसतं. त्या मुलानं पुडी हातावर ठेवली ना, तेव्हा ती फेकायच्या आधी माझी मूठ तिच्यावर मिटली होती, ठेवून घ्यायला.