मागची सफ

७ नोव्हें., शुक्र.
आजही मशिदीत मागच्या सफीत, शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. हमीद सर पुढून दुसऱ्या सफीत, पंख्याखाली. मला त्यांच्या टाचांच्या भेगा तेवढ्या दिसतात. नमाज झाल्यावर उठताना आता ते जमिनीला हात टेकतात. आधी डाव्या बाजूला त्यांचा पोरगा रिज्जू असायचा, त्याच्या खांद्याला टेकायचे. गुडघे गेलेत त्यांचे.
दुआ सुरू झाली की मी चपला उचलून पसार. रिज्जू जाऊन चौदा महिने झाले, एकदाही त्यांच्या समोर आलो नाही.
आज मात्र निघताना इमाम हाफिजजींनी बाहीच धरली. वऱ्हांड्यातल्या फळ्यावर दर जुम्म्याला, शुक्रवारी, एका सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या साथीदाराची, जीवनकथा मराठीत लावायची आहे म्हणे. वणीतली निम्मी पोरं मराठी शाळेतली, उर्दू कोणाला वाचता येते. "तेरी लिखावट अच्छी है, सुना."
अक्षराला वळण कोणी लावलं ते सांगितलं नाही. चौथीत हमीद सरांनी. दोन रेघांच्या वहीत, हात धरून. ते लांबूनसुद्धा ओळखतील.
तरी हो म्हणून आलो. आता पस्तावून राह्यलो.

९ नोव्हें., रवि.
दिवसभर दुकानात. अब्बाचं ट्रकच्या स्प्रिंगचं, कमानपाट्यांचं काम, म्हणजे येतात ते कोळशाचे ट्रक. ट्रक आत आला की मी आधी त्याच्या मागं जातो. काळा गोंडा. उजव्या बाजूला. त्या दिवशीच्या ट्रकला होता.
एकदा लिहूनच टाकतो.
चंद्रपूर रोड. मी बाईक चालवत होतो, रिज्जू मागं. ट्रकवाल्यानं दाबलं, माझं डोकं फिरलं. रिज्जू म्हणाला, "जाऊ दे ना बे अज्जू." दोनदा म्हणाला. मी डावीकडून घातली गाडी, खाली कोळशाचा चुरा. मले गुडघ्याला सहा टाके. तो ट्रकच्या मागच्या चाकाखाली.
सरांनी ठाण्यात लिहून दिलं, अपघात आहे, कोणावर तक्रार नाही. मग बाहेर पायऱ्यांवर, माझ्याकडं न बघता: "अझहर, मी तुला माफ केलं आहे. अल्लाहसाठी केलं आहे. पण माझ्यासमोर येत जाऊ नकोस. मला तो दिसतो."
दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमचे रोल नंबर मागंपुढं होते. हजेरीत त्याचं नाव खोडलं की पुढं माझं...

११ नोव्हें., मंगळ.
असरच्या, दुपारनंतरच्या नमाजनंतर हाफिजजींच्या खोलीत. त्यांच्याकडं मोठमोठ्या नावांची यादी. सांगता सांगता ओघात एक नाव आलं, हजरत वहशी. मी कधी ऐकलं नव्हतं.
हबशी गुलाम. बरची फेकण्यात पक्का. मालकानं सांगितलं, हमजाला मार, तू मोकळा. उहुदच्या लढाईत खडकामागं दबा धरून बसले. बाकी कोणाशी वैर नाही, नजर एकावरच. हुजूर पैगंबरांच्या (सल्ल.) सख्ख्या चुलत्यावर, हमजांवर. बरची गेली ती आरपार. मोकळे झाले, आणि मोकळं होऊन जायला जागाच राहिली नाही. काही वर्षांनी स्वतःच आले, कलमा पढला. हुजूरांनी कबूल केलं. फक्त विचारलं, तुझं तोंड माझ्या नजरेआड ठेवता येईल का.
माझा चहा अर्धा राहिला.
विचारलं, मग ते राह्यचे कुठं?
"पीछे. जिधर हुजूर का रुख होता, उससे हटके."
मी चपला घालत होतो तेव्हा आतून म्हणाले, "उनको भी रजियल्लाहु अन्हु बोलते हैं, बेटा." अल्लाह त्यांच्यावर राजी असो, मोठ्या सहाबींना म्हणतात तेच.
हाफिजजी यंदाच आले वणीत. त्यांना माझं काही माहीत नाही. की आहे?

१३ नोव्हें., गुरु.
कार्डशीट आणलं, निळा स्केचपेन. वहशी (रजि.). उहुदपर्यंत लिहिलं. हजरत हमजा (रजि.) पडतात तिथं थांबलो. खाली लिहिलं, 'बाकी पुढच्या जुम्म्याला'. जागा होती खरं तर. हिंमत नव्हती.

१४ नोव्हें., शुक्र.
लावलं. मटणवाले शकीलचाचा सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढे मोठेमोठे सहाबी सोडून हाच काहून घेतला बे? तुले जवळचा वाटला काय?"
डोकं सटकलं. हातातला टेपचा रोल भिंतीवर आपटला, चाचाच्या कानाजवळून गेला. लागला असता. हाफिजजी पुढं आले. रोल उचलून माझ्या हातात दिला.
खांबाआडून पाह्यलं. सर फळ्यापाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून वाचलं. शाळेत वह्या तपासायचे तसं.

१६ नोव्हें., रवि.
न.चा फोन. नसरीन, पण या वहीत कधी पूर्ण नाव लिहिलं नाही, आजही राहू दे न.च. रिज्जूची लहान बहीण. आधी दिवसाला वीस मेसेज. चौदा महिन्यांत हा चौथा फोन.
म्हणाली, अब्बा विचारत होते, पुढचं कधी लागते.
मग म्हणाली, ३० तारखेला बाभुळगावचे लोक येणार तिला पाह्यला. पोराचं कपड्याचं दुकान आहे.
मी हातातला घन खाली ठेवला.
"तू काय करून राह्यला मग?"
"काय करू? सर समोर येऊ नको म्हणतात."
"मंग राह्य मागंच. मागून वरात चांगली दिसते."
फोन कट. पाटा ठोकताना घन अंगठ्यावर घेतला. नख काळं पडलं. बरं वाटलं.

१९ नोव्हें., बुध.
काळा गोंडा. उजव्या बाजूला.
ट्रक सकाळीच आला, मेन पाटा तुटलेला. माझ्या हातात घन होता. ड्रायव्हर म्हातारा, दाढीत कोळसा. मी विचारलं, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी चंद्रपूर रोडवर होतास का? आवाज चढला असेल, अब्बा पटकन उठून मधे आले.
म्हातारा म्हणाला, "रोजच असतो बापू. कोनता दिवस सांगू?" मी गोंडा दाखवला. तो हसला. "हे तं सगळ्याइच्याच गाडीले असते. नजर लागू नाई म्हनून."
खरं आहे. दारात उभ्या तीन गाड्यांपैकी दोन गाड्यांना होता. चौदा महिने मी काय शोधत होतो? आणि सापडला असता तरी डावीकडून गाडी कोणी घातली?
पाटा मीच बसवला. नीट बसवला. जाताना त्यानं हात वर केला, मी पण केला.

२१ नोव्हें., शुक्र.
दुसरा भाग लावला. पूर्ण लिहिलं. तोंड नजरेआड ठेव, ते पण. सर समजतील, पोरगा फळ्यावरून भीक मागून राह्यला. समजू देत. मी लपवून लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.
सरांनी नमाजच्या आधीच वाचलं. आज चष्मा सरकवला नाही. नमाज उभी राहायची हाक, इकामत झाली तरी तिथंच उभे. कोणीतरी कोपराला धरून आत नेलं.
संध्याकाळी न.चा मेसेज: अब्बा जेवले नाही. अझहरचं अक्षर आहे म्हणाले.
अझहर म्हणाले. घरात माझं नाव घेतलं.

२५ नोव्हें., मंगळ.
शेवटचा भाग हाफिजजींकडून ऐकून आलो. हुजूर गेल्यानंतरची यमामाची लढाई. समोर नबुवतीचा, म्हणजे पैगंबर असल्याचा, खोटा दावा करणारा मुसैलमा. वहशी तीच बरची घेऊन गेले. तीच. फेकली, त्याच क्षणी मदिनेच्या एका अन्सारी साथीदाराची तलवारही पडली. कोणाच्या वारानं मेला ते रबलाच ठाऊक, असं ते स्वतःच सांगायचे.
मी विचारलं, मग फिटलं का?
हाफिजजींनी दाढीवरून हात फिरवला. "वो तो उन्होंने भी नहीं कहा."
दुकानामागं ताडपत्रीखाली माझी गाडी आहे. अब्बा भंगारात देतो म्हणतात, मी देऊ देत नाही. आज ताडपत्री काढून पाह्यली. टाकीवर रिज्जूनं चिकटवलेला चाँदतारा तसाच. परत झाकली.

२८ नोव्हें., शुक्र.
रात्र बरीच झाली. तरी आजच लिहितो.
शीट चिकटवण्यात उशीर झाला. आत आलो तर मशीद भरलेली, खांबाजवळ जागा नाही. हाफिजजींचा आवाज, "आगे की सफ पूरी करो." पाठीवर कोणाचा तरी हात, पुढं, आणखी पुढं. जागा रिकामी ठेवायची नसते, मागं वळता येत नाही. तकबीर झाली, नमाज सुरू झाली तेव्हा कळलं, डोक्यावर पंखा आहे. उजवीकडं त्याच भेगांच्या टाचा.
रिज्जूच्या जागेवर उभा होतो.
खांद्याला खांदा. सरांच्या कुडत्याला नीळ आणि कापराचा वास. काय पढलो आठवत नाही.
सलाम. नमाज संपताना तोंडं आधी सगळ्यांची उजवीकडं. मी त्यांच्याकडं वळलो, ते पलीकडं वळलेले. मला त्यांचा कान दिसला, कानामागचे पांढरे केस. मग सगळे डावीकडं. आता ते माझ्याकडं, मी पलीकडं. त्यांना माझी मान दिसली असेल. शेजारी बसलेल्यांची तोंडं सलाम करताना समोरासमोर येतच नाहीत. आयुष्यभर नमाज पढून हे आज कळलं.
पण सलाम तर ज्याच्याकडं वळतो त्यालाच असतो ना. मानेवर त्यांचा श्वास लागला.
दुआ सुरू झाली. पायांना पळायचं होतं, उठलो नाही. डोळे चटईवर. दुआ संपली. ते उठायला लागले, आणि माझ्या खांद्यावर हात आला. पूर्ण भार टाकून. तसेच उठले, क्षणभर हात तिथंच, मग काढला. मी वर पाह्यलं नाही. ते फळ्याकडं गेले की सरळ घरी, ते पण पाह्यलं नाही.
सवयीनं टेकला की मला ओळखून?
परवा बाभुळगावचे येणार. न.ला काय कळवू? तुझ्या अब्बानं माझ्या खांद्यावर...
उद्या फजरला, पहाटेच्या नमाजला जाईन. कोणत्या सफीत, ते तिथं गेल्यावर.