बाबांच्या गाडीचा क्लच

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन ठेवताना तू म्हणालीस की लिहून पाठव, तोंडी तक्रार आपल्या वर्कशॉपात घेत नाहीत. बाबांचा नियम. माणूस बोलताना आपलं मत सांगतो, लिहायला बसला की गाडी काय करते ते सांगतो. तेव्हा तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेला तुझा धाकटा भाऊ आज तक्रार लिहायला बसला आहे.

तक्रार अशी. एकतीस तारखेला तू वर्कशॉपचं शटर कायमचं ओढणार, आणि मी त्या दिवशी बाबांच्या मोटारसायकलवरून तुझ्या दारात हजर होणार, असं सगळ्यांदेखत बोलून बसलो आहे. गाडीला हे मान्य नाही. सुरू होते, आवाज असा काढते की शेजारी गॅलरीत येतात. पण अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तितका इंजिनाचा आरडाओरडा वाढतो, वेग वाढत नाही. काल चढावर एका सायकलवाल्या आजोबांनी मला मागे टाकलं. वर पोचून थांबले आणि ढकलू का, असंही विचारलं.

माझं निदान असं की गिअरबॉक्स गेला. उद्याच उघडणार होतो, पण तुला विचारल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, अशी तुझ्या भावजयीची सक्त ताकीद आहे.

लोभ आहेच, तो गाडीसारखा जागीच घरघरत राहू नये, एवढीच विनंती.

तुझा,
तर्कट

&nbsp;

७ मार्च

चि. तर्कटास,
अनेक आशीर्वाद. गिअरबॉक्स उघडलास तर ते परत घेईन.

गिअर पडतात ना? खडखड न करता बदलतात ना? मग तो बिचारा ठणठणीत आहे. इंजिन पळतंय आणि चाक पळत नाही, म्हणजे दोघांना जोडणारा क्लच घसरतोय. का घसरतोय ते आता तू बघायचं. क्लचचा लिव्हर बोटाने हलकेच ओढ. टोकाशी अर्ध्या पेराएवढा तो नुसताच ढिला हलला पाहिजे, मगच केबल ताणली जावी. इंजिनात ऑइल कुठलं घातलंस ते डबा समोर ठेवून लिही, आठवून नको. तिसरी चाचणी चढावरची. ती त्या आजोबांनी घेतलीच आहे.

आणि एक खरं सांग. तू आधीच काहीतरी उद्योग करून ठेवला आहेस. गाडी आपणहून इतकी बिघडत नाही.

मी इथे हत्यारं पुसून खोक्यात भरतेय. बाकावर एकही काम उरलं नाही, ते बघवत नाही.

माझ्या भावजयीचं ऐकत जा, त्यात तुझं हित आहे.

तुझी,
ताई

&nbsp;

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न., मान खाली घालून.

उद्योग केला आहे. गेल्या महिन्यात लिव्हर मला ढिला लागला. ढिलं म्हणजे वाईट, हे मी गृहीत धरलं आणि केबल सतारीच्या तारेसारखी ताणली. म्हणजे मी क्लच सोडला तरी तो कायम थोडा दाबलेलाच. शिवाय, बाबांची गाडी म्हणून दुकानातलं सगळ्यात महाग ऑइल आणलं. आज डबा वाचला. ते कारचं निघालं, घर्षण कमी करणारं. आपला क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि घर्षणावरच चालतो, हे ज्ञान मला एकसष्टाव्या वर्षी झालं. विद्यार्थ्यांना कळवू नकोस.

केबल सैल केली, ऑइल बदललं. सपाट रस्त्यावर गाडी आता शहाण्यासारखी जाते. चढावर अजून घसरते आणि जळका वास येतो. म्हणजे माझ्या कृपेने क्लचच्या प्लेटा जळाल्या. नव्या मागवल्या आहेत.

ताई, आता जे लिहितो ते फोनवर कधीच बोलता आलं नसतं. बाबा गेले तेव्हा गाडी माझ्याकडे आली, कारण मी मुलगा. तुला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तू त्यांच्या शेजारी उभी राहून तिचा प्रत्येक नट ओळखत होतीस, आणि मी एकोणीस वर्षं तिच्यावर जुनी चादर घालून ठेवली. मला लाज वाटते. एकतीसला ती तुला द्यायची आहे, कायमची. म्हणून ती चालत यायला हवी.

रागावली असलीस तरी उत्तर धाड.

तुझा,
तर्कट

&nbsp;

१७ मार्च

चि. तर्कटास, आशीर्वाद.

नव्या प्लेटा आदल्या दिवशी चांगल्या ऑइलात बुडवून ठेव. जुन्या ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांड. एक घासणारी, एक लोखंडी, पुन्हा घासणारी. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ. जोर लावू नकोस, तुझा जोर नेहमी चुकीच्या जागी लागतो.

बाकी पत्र वाचलं.

ताई

&nbsp;

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप घरी पोचलो, बसने.

'बाकी पत्र वाचलं' या तीन शब्दांचा मी दोन आठवडे अर्थ लावत होतो. त्याच विचारात प्लेटा बसवल्या, कव्हर लावलं, हात धुतले, आणि पाहतो तर एक प्लेट टेबलावर. गाडी जागची हलेना. या दोन गोष्टींचा काही संबंध असावा, या निष्कर्षाला यायला मला पाऊण तास लागला. पुन्हा उघडायची हिंमत राहिली नव्हती. मग टेम्पो केला आणि तुझ्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांसमोर टेम्पोतून उतरलो. मागे दोरीने बांधलेली गाडी, हातात पिशवी, पिशवीत प्लेट. असं स्वागत माझ्या निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं. तेव्हा एवढे लोक हसले नव्हते.

तू तासाभरात सगळं नीट केलंस. मी तुझ्या हातात गाडी नावावर करण्याचा फॉर्म दिला. तू तो न वाचता खिशात घातलास, एक चक्कर मारून येते म्हणालीस, आणि दीड तास आली नाहीस. मला वाटलं, माझ्या हातून आणखी एखादा भाग उरला असणार. दोघं तर तुला शोधायलाही निघाले होते. आलीस तेव्हा गाडी चांगली ओढते एवढंच म्हणून मला बसस्टँडवर सोडलंस.

गाडी कुठे बंद पडली होती? खरं लिही.

तुझा,
तर्कट

&nbsp;

६ एप्रिल

चि. तर्कटास,
अनेक आशीर्वाद.

गाडी कुठेही बंद पडली नाही. रेल्वे फाटकापलीकडच्या चढावर मीच थांबवली. तिथे फॉर्म उघडून वाचला आणि रडत बसले. लोक बघून जात होते. एकाने पेट्रोल संपलं का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं.

बाबांच्या तेराव्याआधीच गाडी तुझ्याकडे गेली, तेव्हा मला फार लागलं होतं. गाडी गेली त्याहून जास्त हे लागलं की ती मलाही हवी असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. मी मागायला हवी होती. मागून मिळालेली नको, असा ताठा धरून बसले. एकोणीस वर्षं. तर्कट तुला म्हणतात, पण मीही काही कमी नाही.

फॉर्मवर सही करून सोबत पाठवला आहे. सही जरा वाकडी आली आहे. आरटीओ ऑफिसातले परत करतील तर करू देत. म्हणतील तितक्या वेळा पुन्हा करेन.

तुझी,
ताई