वाटीतले सात दाणे

सोमवार, ३ नोव्हेंबर

मंदे, ही वही तुझ्या हाती पडेल तोवर मी कोण हेच तू विसरलेली असशील, म्हणून आधीच सांगते. मी सोजरा, तुझी थोरली जाऊ. जिच्या पिशवीत तू मेतकुटाच्या डब्याचं नुसतं झाकण ठेवलंस ती. झाकण सुखरूप पोचलं.

बोईसरला आले. कैलास स्टेशनावर आला होता. माझा लेक कंपनीत जाऊन जाऊन पार साहेब झालाय, माझ्या पाया पडताना आधी फोन बंद केला. घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून चिकूची झाडं आणि त्यामागं धुराडी. पाळी बदलली की भोंगा होतो, त्यामुळं घड्याळ न कळणाऱ्या बाईची सोय झाली. सूनबाई मोनाली योगा शिकवते. नात स्वरा पाचवीत, दहा वर्षांची, गुबगुबीत. तीच हे लिहिते. मला अक्षर येत नाही याचा तिला कोण आनंद! मी बोलायचं, तिनं लिहायचं, पानामागं एक चॉकलेट. (आजी खोटं बोलतेय. दोन ठरलीत. — स्वरा)

परत आले की तुझ्या नातवाकडून, प्रीतमकडून वाचून घे. तोंडी सांगितलं तर तू चुलीवर ठेवून विसरशील.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज मोनालीचा वर्ग पाहिला. खाली सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सातला दहा-बारा बायका चटया टाकून येतात. सगळ्या उपाशीपोटी, कारण योगा रिकाम्या पोटीच करायचा असतो म्हणे. शेवटी शवासन. ते मला पहिल्या फटक्यात जमलं. मोनालीला म्हटलं, हे शिकवायला कशाला पाहिजे, एकदा सगळ्यांनाच जमतं. तिला हसू आलं नाही.

शवासनात ती नाद देते. फोनवर पाचशे अठ्ठावीस हर्ट्झ की कायसा सूर लावते आणि मागवलेल्या धातूच्या वाट्या लाकडी दांडीनं वाजवते. एक वाटी पोटावर ठेवायची, ठोका द्यायचा, म्हणजे थरथर आत उतरते आणि जे अडकलंय ते मोकळं होतं, असं ती सांगते. शेजारची हेतल म्हणाली, तिची पाठदुखी गेली. किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी घेऊन येणारी हेमांगी टोपली दाराशी ठेवून शेवटी आडवी होते. ती म्हणाली, आजी, आमाला नुसती झोप येते, पन चांगली येते.

मी म्हटलं, तुझ्या या विकतच्या वाट्या पत्र्यासारख्या बोलतात. खरं कासं माझ्या पिशवीत आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आपली काशाची वाटी तुला ठाऊक आहे. तूप लावून तळपाय घासायची. तिच्यात मी ज्वारीचे सात दाणे का ठेवते, असं तू दर वर्षी विचारतेस आणि दर वर्षी विसरतेस. मी शकुनाचे म्हणून सांगत आले.

आज मोनालीनं वाटी हातात घेतली तर दाणे खुळखुळले. नाद फुटतो म्हणाली. वर्गातल्या सगळ्या बायका बघत होत्या. मला मिरवायचं होतं, मंदे. मीच दाणे पदरात ओतले आणि म्हटलं, आता वाजव.

पोटावर ठेवायला स्वरा हौसेनं आडवी झाली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. मोनालीनं एकच ठोका दिला. काय सूर लागला! बायकांनी डोळे मिटले. हेतल रडली. दांडी खाली ठेवली तरी वाटी वाजत होती. मोनालीनं तळवा ठेवून ती दाबली, तेव्हा कुठं थांबली.

स्वरानं डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली. (खरंच खूप लागली होती. — स्वरा)

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पोरगी नऊ पोळ्या खाते. काल मी कौतुक केलं, आज करवत नाही. चिकू सालीबियांसकट खाल्ले. दुपारी डब्यातले कच्चे तांदूळ मुठीनं खाताना मोनालीनं पकडलं. कैलास म्हणतो, वाढीचं वय आहे.

दाणे मी पुन्हा वाटीत टाकले होते. आज बघितलं तर नुसती फोलं. उंदीर नाही, मुंगी नाही. फोलं सात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्वराचा फ्रॉक खांद्यावरून उतरतो. एवढं खाऊन पाच दिवसांत मनगटाची हाडं दिसायला लागली. डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, रक्त तपासलं, सगळं बरोबर आहे म्हणाला. मोनाली रडते आणि नाद देते. नादानं शांत होईल म्हणते. मी फोन हिसकून घेतला. घरात पहिल्यांदाच माझा आवाज चढला.

वाटी फडताळात कुलपात आहे. दुपारचा भोंगा झाला की ती वाजते. टण, थांबून टण. मी हा ठेका ओळखते.

आज स्वरानं मला हाक मारली. आजी नाही म्हणाली. वहिनी म्हणाली. (वहिनी.)

रविवार, १६ नोव्हेंबर

मंदे, मी पन्नास वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

आपल्याला एक नणंद होती, रखमा. तू लग्न होऊन यायच्या आधीच गेली. बहात्तरचा दुष्काळ. मी एकवीस वर्षांची, रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथं सरकारी सुकडी मिळायची, गूळ घालून भाजलेलं पीठ. रखमा दहा वर्षांची, तापानं अंथरुणाला लागलेली. कामावर येत नव्हती म्हणून तिला वाटा नव्हता. सासूबाईंनी बजावलं होतं, सोजरा, तुझ्यातली अर्धी पोरीला आणत जा.

कामावरचा दुपारचा भोंगा झाला की ती उंबऱ्यात सरकत यायची आणि हीच वाटी खड्यानं वाजवायची. टण, थांबून टण. मी दिसेपर्यंत.

मी वाटेतच खायची. सगळी. आज मिळाली नाही, असं सांगायची. अकरा दिवस. मी आजारी नव्हते, पोटुशी नव्हते. मला भूक लागली होती, एवढंच. ती हसून म्हणायची, वहिनी, उद्या मिळेल. बाराव्या दिवशी मी अर्धी राखून आणली. वाटी वाजली नाही.

तेव्हापासून ती मी कधी रिकामी ठेवली नाही. आणि आता चार बायकांसमोर मिरवायला मीच —

स्वराला हे सांगायचं नव्हतं, पण दुसरं कोण लिहिणार. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, मला ठाऊक आहे. (बाराव्या दिवशीची ती अर्धीही मग तिनंच खाल्ली. ते सांगत नाही.)

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी हेमांगीला घेऊन दांडीला गेले. वाटी समुद्रात सोडायची. हेमांगीनं ती हातात घेतली आणि लगेच पदरात गुंडाळली. म्हणाली, आजी, ही उपाशी हाय. दर्याला रिकामं कायपन देत नाय आमी. तिनं घरातून भात आणला, वाटी भरून फडक्यात बांधली. तिचा नवरा होडीतून लांबवर टाकून आला.

हेमांगी मला रिक्षातून घरापर्यंत सोडायला आली. उतरताना एवढंच म्हणाली, वाटी गेली, पन पोरीकडं बघा.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दुपारी भोंगा झाला.

वाजलं. फडताळात नाही. स्वराच्या पोटातून. मी कान लावला — काशाचा सूर — कातड्याखाली थरथरतं — टण, थांबून —

मोनालीनंही ऐकलं. तिच्या हातातलं ताट पडलं. कैलास पालघरला मोठ्या डॉक्टरकडं नंबर लावायला पळाला.

स्वराच्या हाताला आता वजन नाही. पण पेन सोडत नाही. मी बोलायची थांबते तरी पेन चालूच असतं. काय लिहितेस विचारलं, तर म्हणे, काना-मात्रा नीट करते.

मंदे, मला वाचता येत नाही. (येत नाही.)

गुरुवार, २० नोव्हेंबर

मी कालपासून जेवले नाही. अकरा दिवस जेवणार नाही. तिला सांगितलं — रखमा, माझा वाटा घे, माझ्या पोरीला सोड. ती हसली. उद्या मिळेल, म्हणाली.

कैलास खाली रिक्षा आणतोय. मोनाली पिशवी भरतेय. स्वरा उठत नाही — नुसता हात —

मंदे, आयुष्यात एक गोष्ट विसरू नकोस. हे पान कैलास प्रीतमच्या फोनवर धाडेल, ऐकलंस की आत्ता उठ. ज्वारीचं पीठ तेलात भाज, गूळ घाल. सुकडी कर. तूप नको, तेव्हाची होती तशीच. अकरा दिवसांची अकरा. प्रीतमच्या हाती आजच्या गाडीनं पाठव. मी माझ्या हातानं तिला भरवीन, एक कणही माझ्या तोंडात —

स्वरा, लिहिलंस ना? बाळा, वाचून दाखव. वाच ना. अशी काय बघ—

(वहिनी निजली. मंदा, अकरा नको, पुष्कळ पाठव. गूळ जास्त घाल. ताटं तीन नको, एकच पुरे. वहिनीचा वाटा नको, स्वराचाही नको, मी एकटीच