नेच्याच्या शेंड्याला पाणी घालण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर पूर्ण, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा (गुडघ्यांमुळे बंद; हात अजून शाबूत), अविवाहित, राहणार तळमजला, आज डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेलं नसताना माझ्यामागच्या व्यवस्थेसाठी हे लिहून ठेवते. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत, कारण दोन्ही मी रागात लिहिली होती. वकीलबाई म्हणतात, "मावशी, कंसातलं तेवढं काढून टाका ना." काढणार नाही.

१. तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण माझ्या भाचीला मिळावं. भाची म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. परगावी लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. धाकटीचा आणि माझा अकरा वर्षं अबोला आहे. ही पोरगी सुट्टीला आली की सकाळचा चहा वर पिते, दुपारचा खाली, पण इकडचं तिकडे कधी करत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी तिला घर देते. बँकेत जे असेल तेही तिचंच. मोरीचा नळ गळतो, तो तिने आधी बघावा.

२. मेणाच्या सुऱ्या, घासायचं मशीन आणि कामाचं टेबल माझ्या जागेवर आलेल्या बाईला द्यावं. पुढचे दात ती जरा जास्तच सरळ बसवते, पण शिकेल. आमच्या दंतवैद्याला काही देऊ नये. तीस वर्षं माझ्या हातच्या कवळ्या त्याने लोकांच्या तोंडात बसवल्या. नीट बसली की "आमच्याकडे बनवली", नाही बसली की "बाईंचं माप चुकलं". माप माझं एकदाही चुकलेलं नाही.

३. अंगणातलं नेच्याचं झाड (फर्नच, पण खोड धरून उंच वाढणारं) धाकट्या बहिणीला द्यावं. जमीन भाचीची, झाड तिच्या आईचं, असं कसं चालेल, असं वकीलबाईंनी विचारलं. चालेल. चाळीस वर्षांपूर्वी लावलं तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं होतं. वर्षाला चार बोटं वाढत वाढत आता त्याचा शेंडा थेट धाकटीच्या गॅलरीच्या कठड्याला लागलाय. खोड माझ्या मजल्यावर आणि पानं तिच्या.

भाचीही कधीतरी पाणी घालेलच, म्हणून रीत लिहून ठेवते. पहिली गोष्ट, मुळाशी बादली ओतून मोकळं व्हायचं नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ते सगळं मुळांचंच जाड वेटोळं आहे, ते अंगभर पाणी पितं. पाणी शेंड्यातून घालायचं आणि खोडावरून खाली उतरू द्यायचं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर एक दिवस बादलीत उघडं ठेवून मग घालायचं.

थंडी सरली की शेंड्यातून केसाळ मुठी, म्हणजे गुंडाळलेली नवी पानं, वर येतात. त्या उघडेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी हवं. एक दिवसाची हयगय झाली तरी पान वाकडं उघडतं आणि वर्षभर आपल्याला वाकुल्या दाखवत राहतं. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत सगळं खोड ओलंचिंब करायचं. पावसाळ्यात "पडतोय की वरून" म्हणून गाफील राहायचं नाही. भिंतीकडची बाजू पन्हाळीच्या आडोशाला कोरडी ठणठणीत राहते, तिथे हात लावून बघायचा. पावसाळा संपला की हात आखडता घ्यायचा, दर तिसऱ्या दिवशी पुरे.

हिवाळ्यात शेंड्यात पाण्याचा थेंबसुद्धा नको, आपल्या गावच्या थंडीत रात्री त्याचा बर्फ होतो. शेंड्यात कोरडं गवत भरायचं, आणि ऊन असेल त्या दुपारी खोडावर नुसता फवारा. हे नीट वाचावं, कारण पुढचं कलम यावरच आहे.

४. अकरा हिवाळ्यांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस दवाखान्यात होते. माझ्यामागे झाड सुकू नये म्हणून धाकटीने खाली येऊन रोज शेंडा भरून पाणी घातलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं? ते पाणी शेंड्यात गोठलं. मी घरी आले तेव्हा सगळी पानं काळी पडून लोंबत होती. मी जिन्यात उभी राहून तिला म्हणाले, "तुझ्या हातात दिलेलं काही जगत नाही. आईला बघ."

आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि ती तिन्ही वर्षं धाकटीने तिला वर सांभाळलं. मी संध्याकाळी जाऊन अर्धा तास बसायचे आणि औषध कुठलं दिलं त्यावर बोट ठेवून यायचे.

चार महिन्यांनी झाडाला पाच नव्या मुठी फुटल्या. त्याच दिवशी मी वर जायला हवं होतं. नाही गेले. मग इतके दिवस झाले होते की जायची लाज वाटायला लागली.

दोन वर्षांपासून मला शिडी चढवत नाही. शेंडा आता वाळणार असं मी धरून चालले होते. पण उन्हाळ्यात सकाळी सात वाजता खोडावरून वरून पाणी उतरायला लागलं. आधी वाटलं, वरच्या बाईसाहेब भांड्यांचं पाणी ओतताहेत. मी तणतणत बाहेर गेले, हात लावला, वास घेतला. पावसाचं साठवलेलं, स्वच्छ. आणि या हिवाळ्यात शेंड्यात गवत. कोणीतरी ते पुस्तकात बघून, नाहीतर माझ्याकडे खिडकीतून बघून बघून शिकलं होतं.

म्हणून लिहिते. धाकटे, ते वाक्य खोटं होतं. आई तुझ्यामुळे गेली नाही, तुझ्यामुळे तीन वर्षं राहिली. हे मला तेव्हाही माहीत होतं. मला माफ कर.

५. (हे कलम सह्यांच्या वेळी वाढवलं.) दुसरा साक्षीदार म्हणून दंतवैद्य येणार होता. अर्थातच आला नाही. मी नको नको म्हणेपर्यंत वकीलबाई वर जाऊन जे माणूस मिळालं ते घेऊन आल्या. चष्मा पुसत धाकटी जिन्यातच थांबली. "सही कुठे करायची?" तिने त्यांनाच विचारलं.

वकीलबाईंना नातं कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला यात झाड मिळतंय. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीत तर झाड गेलं."

"कुठलं झाड?" म्हणत तिने कागद घेतला. सगळं वाचलं. चौथं कलम दोनदा वाचलं. मग अकरा वर्षांनी माझ्याशी बोलली.

"ताई, हे मी तू मेल्यावर वाचायचं होतं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि मग उत्तर कोणाला देणार होते मी? त्या झाडाला?" तिचा आवाज चढला. "शहाणीच आहेस. पेन दे इकडे."

"सही केलीत तर झाड..." वकीलबाई पुन्हा म्हणाल्या.

"जाऊ दे. नको मला झाड," धाकटी म्हणाली. "हिने तोंडाने म्हणावं. माझ्यासमोर. जिवंतपणी."

तेव्हा चौथ्या कलमाचा शेवटचा परिच्छेद मी तोंडाने म्हटला. कागदात न बघता म्हटला.

सबब तिसऱ्या कलमातली देणगी रद्द. झाड जमिनीबरोबर भाचीचं. पाण्याची रीत कायम.

ठिकाण: जिना, खालून तिसरी पायरी
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा

सही: मृत्युपत्र करणारी, तळमजला

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. सही पाहिली.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण, वरचा मजला. सही पाहिली. बाकीचंही ऐकलं.