इंजिनावरचा नारळ

देवळाली प्रवरा,
ता. २४ सप्टेंबर १९७३

चि. मच्छिंद्र यास गहिनीनाथचे आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. ऊस यंदा बरा आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र शाबूत आहे. पुण्यात नीट जेवतोस का, हे विचारा म्हणाली. विचारलं.

गाडी विकायला काढली होती. वर्षभर गोठ्यात धूळ खात पडलेली. पुणतांब्याचे आबासाहेब टॅक्सीसाठी बघायला येणार, म्हणून चालू करायला घेतली. चार दिवस त्यातच मोडले. प्लग साफ केले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइलही दुसरी लावली. दुपारी हँडलच्या एका फेऱ्यात सुरू व्हायची आणि सकाळच्या दंवात ढिम्म. कॉइलपर्यंत करंट यायचा, प्लगला पोचायचा नाही. फार थकलो रे. हे काम तुझं.

काल प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून उन्हात धरली. केसासारखी चीर, आतून जळून काळी पडलेली; दंव धरलं की करंट तिथूनच पळायचा. कडेला कुंकवाचा डाग.

गेल्या खंडेनवमीला मी बॉनेट उघडून नारळ थेट इंजिनावर आपटला होता. तू म्हणालास, "दादा, तिथं नगं, चाकापाशी फोड. वायरीत पानी जाईल." चारचौघांत धाकट्यानं शिकवलेलं मला खपलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पहाटे, आईच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना गाडी राहुरीच्या अलीकडे बंद पडली. हँडल मारून मारून तुझे तळहात सोलले. आईनं मागच्या सीटवर जीव सोडला. आणि मी सगळ्या भावकीसमोर ओरडलो, "तू पॉइंट नीट घासले न्हाईस. आईला तूच मारलंस."

तुला खरं कारण तेव्हाच कळलं असेल. तरी तू गप्प राहिलास, आणि तेरावा उरकून निघून गेलास.

चूक माझ्या हातची होती, मच्छिंद्र. आज भावकीला बोलावून, टोपी हातात धरून सांगितलं. आबासाहेबांना नाही म्हणून कळवलं. गाडी विकत नाही.

दसऱ्याला आईचं वर्षश्राद्ध. ये. नवी टोपी आणून ठेवली आहे, ती तू बसव. श्राद्ध झालं की नारळही तूच फोड, चाकापाशी.

वर आशीर्वाद लिहिले ते सवयीनं. खाली लिहायला हात धजत नाही.

तुझा अपराधी,
गहिनीनाथ